पाकीटबंद सॅलड, चिरलेल्या भाज्या आणि मोड: कच्चं खाण्याआधीचे टप्पे, क्रमाने

पाकिटातलं सॅलड घरी आलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. पाकीट फोडायचं, सगळं चाळणीत ओतायचं, नळाखाली खळाखळा धुवायचं आणि निर्धास्तपणे ताटात वाढायचं. मोड आलेल्या मटकीचंही तेच. सगळा भरवसा धुण्यावर. ते पाकीट दुकानात कुठे ठेवलेलं होतं, घरी येईपर्यंत किती तापलं, फ्रीजच्या कुठल्या खणात गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

महत्त्व नेमकं उलटं आहे. पाकिटात शिरलेले जिवाणू घरच्या धुण्याने फारसे जात नाहीत. त्यांची वाढ थंडीने मंदावते आणि उष्णतेने ते मरतात. म्हणून या लेखात धुण्याला एक छोटा टप्पा आहे आणि बाकीचं बरंचसं फ्रीज, वेळ आणि गॅसबद्दल आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिला चुकला तर पुढचे नीट करूनही उपयोग होत नाही.

## सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

पालेभाजीवर किंवा कोबीवर साल्मोनेला, ई. कोलायचे विषारी प्रकार आणि लिस्टेरिया हे आजारी पाडणारे जिवाणू शेतातल्या दूषित पाण्यातून, नीट न कुजलेल्या शेणखतातून, जनावरांकडून, काढणाऱ्या आणि निवडणाऱ्या हातांतून, चिरण्याच्या यंत्रातून येतात. चांगल्या कारखान्यात भाजी क्लोरीनच्या पाण्यात धुतात. त्याने जिवाणूंची संख्या साधारण ९० ते ९९ टक्क्यांनी कमी होते. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण दहा लाखांतले ९९ टक्के गेले तरी दहा हजार उरतातच. ई. कोलाय ओ१५७ या प्रकाराचे तर शंभराहून कमी जिवाणूही माणसाला आजारी पाडू शकतात.

उरलेले कुठे असतात? पानाच्या रंध्रांत, सुरकुत्यांत आणि मुख्य म्हणजे चिरलेल्या कडांवर. चिरलेल्या कडेतून रस सुटतो आणि तो जिवाणूंना खाद्य पुरवतो. अख्खा कोबी आणि चिरलेला कोबी यांत जिवाणूंच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. अख्ख्याला सालीचं, पानांचं संरक्षण असतं. चिरलेल्याला काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट. भाजीला वास सोडणारे, तिला बुळबुळीत करणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. वास आला तर भाजी टाकायचीच, पण वास नाही म्हणून ती सुरक्षित असं ठरत नाही. 'हुंगून बघितलं, ठीक आहे' ही तपासणी इथे चालत नाही.

## टप्पा १: आधी फ्रीज तपासा, मग खरेदीला निघा

पाकीटबंद सॅलड घेणाऱ्या घरात ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान राखणारा फ्रीज हवा. तुमचा फ्रीज ते राखतो का, हे हात लावून कळत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत मिळतो, तो घ्या.

१. पेलाभर पाणी घेऊन त्यात थर्मामीटर ठेवा. पेला मधल्या कप्प्यावर, मागच्या बाजूला ठेवा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं, पाण्याचं लगेच बदलत नाही.

२. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हाच आकडा वाचा.

३. ५ पेक्षा जास्त असेल तर आतलं बटण फिरवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

४. मग हाच प्रयोग भाजीच्या खणात आणि दारात करा. दोन्हीकडे आकडा वरचढ निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. दार ही बहुतेक फ्रीजमधली सगळ्यात कमी थंड जागा असते.

नेहमीची चूक: बटणावरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस, असं समजून लोक '१' वर ठेवतात. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. '१' वर ठेवलेला फ्रीज मे महिन्यात नावापुरताच थंड असतो.

फ्रीज ठासून भरलेला असेल तरी तापमान चढतं. गरम आमटीचं पातेलं थेट आत सरकवणं, दुधाच्या पिशव्या, कणकेचे डबे, कधीचे मसाले, यांतून थंड हवा फिरायला वाट उरत नाही. दाराचं रबर सैल झालंय का ते कागदाने तपासा: दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर रबर बदलायला झालंय.

इथे थांबून तपासा: फ्रीज ५ अंशांखाली येतच नसेल तर पाकिटातलं कच्चं सॅलड तुमच्या घरासाठी नाही. अख्ख्या भाज्या आणा आणि आयत्या वेळी चिरा. यात कमीपणा काही नाही, शिवाय स्वस्तही पडतं.

## टप्पा २: पाकीट कुठल्या गटातलं आहे ते दुकानातच ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुकानात एकाच थंड कपाटात, सारख्याच चकचकीत डब्यांत चार वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि आपण त्या एकाच पद्धतीने वापरतो.

धुतलेलं, थेट खाण्याजोगं सॅलड. पाकिटावर 'रेडी टू ईट' किंवा धुऊन खाण्यासाठी तयार अशा अर्थाची स्पष्ट ओळ असते. लेट्यूस, कोवळा पालक, रॉकेट, मिश्र पानं. कच्चं खायचं ते फक्त हेच.

चिरलेली, निवडलेली भाजी. निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, 'सूपची भाजी', चायनीजसाठी कोबी-गाजर, सोललेले मटार. यांवर धुऊन वापरा किंवा शिजवून वापरा असं लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. काही लिहिलेलं नसेल तर शिजवायची भाजी समजा. मंडईबाहेर किंवा स्टेशनजवळ साध्या पिशवीत मिळणारी चिरलेली भाजी याच गटात येते. विकणाऱ्या मावशींचा हात कितीही स्वच्छ असला तरी ती भाजी सकाळपासून उन्हात आहे. तिची भाजीच करा, कोशिंबीर नको.

मोड आलेली कडधान्यं. मटकी, मूग, मिश्र मोड. यांच्यासाठी खाली वेगळा टप्पा आहे, कारण धोका इथे सगळ्यात जास्त.

फ्रोझन मटार, मका, मिश्र भाज्या. हे खायला तयार दिसतात, पण नसतात. गोठवण्याआधी भाजी थोडा वेळ गरम पाण्यातून काढलेली असते, पण नंतरच्या यंत्रांवर तिला पुन्हा लिस्टेरिया लागू शकतो. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत फ्रोझन मक्यातून लिस्टेरिया पसरला. ४७ जण आजारी पडले, ९ जण गेले. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. मक्याचे दाणे बर्फ वितळवून तसेच सॅलडमध्ये किंवा भेळेत टाकायची सवय असेल तर ती सोडा. उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून, गार करून घाला.

मश्रूमच्या डब्यावरच्या प्लास्टिकला भोकं असतात ती मुद्दाम ठेवलेली असतात. मश्रूम श्वसन करतं, आतला प्राणवायू संपवतं, आणि हवाबंद जागेत बोट्युलिनम नावाचा वेगळाच जिवाणू डोकं वर काढू शकतो. उरलेले मश्रूम घट्ट गुंडाळून ठेवू नका, कागदी पिशवीत ठेवा. याच जिवाणूमुळे सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणंही धोक्याचं आहे.

### निवडताना काय बघायचं

- तारीख. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची मर्यादा आहे. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि ताजेपणाची. सॅलडच्या बाबतीत मी तरी दोन्ही सारख्याच कडकपणे पाळतो. सर्वांत पुढची तारीख असलेलं पाकीट बहुधा कपाटात मागे सरकवलेलं असतं, ते काढा.
- परवाना. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक. तो आहे म्हणजे आत जिवाणू नाहीत असं नव्हे, पण तक्रार करायची वेळ आली तर कुणाला पकडायचं ते कळतं. क्रमांक नसलेलं पाकीट कच्चं खाऊ नका.
- पाणी. तळाशी तपकिरी किंवा हिरवट पाणी साठलंय, पानं चुरगळलीत, कडा काळ्या पडल्यात: ठेवून द्या. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या २०१६ मधल्या संशोधनात दिसलं की तुटलेल्या पानांतून सुटलेला रस साल्मोनेलाची वाढ चांगलीच वेगात करतो.
- फुगवटा. काही पाकिटं भरतानाच हवा भरून टम्म ठेवलेली असतात. म्हणून शेजारच्या त्याच प्रकारच्या पाकिटांशी तुलना करा. एकटंच जास्त फुगलेलं असेल तर ते कधीतरी तापलेलं असू शकतं.
- जागा. थंड कपाटाच्या बाहेर, 'आजची ऑफर' म्हणून टेबलावर मांडलेली पाकिटं घेऊ नका, किंमत अर्धी असली तरी.

## टप्पा ३: दुकान ते घर

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. अनुकूल तापमानात काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या हिशोबाने दोन तासांत एकाचे ६४ आणि चार तासांत ४,०९६. त्यामुळे साधा नियम असा: फ्रीजबाहेरचा एकूण वेळ दोन तासांहून जास्त नको, आणि बाहेर ३२ अंशांहून अधिक गरम असेल तर एक तासाहून जास्त नको. नागपूरला किंवा जळगावला एप्रिल-मे मध्ये हा एक तासाचा नियम धरा. मुंबईतही वर्षातले बरेच दिवस तोच लागू पडतो.

'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुकानातून घरी येताना ४० मिनिटं, संध्याकाळी टेबलावर अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास: हे सगळं बेरजेत धरायचं.

१. सॅलड आणि मोड शेवटी उचला, किराणा आधी.

२. मासे किंवा चिकन घेतलं असेल तर वेगळी पिशवी. सॅलडच्या पिशवीत नको, आणि सॅलडच्या वर तर नकोच.

३. लांब जायचं असेल तर थंडाव्याची पिशवी आणि गोठवलेली पाण्याची बाटली बरोबर ठेवा. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत पाकीट ठेवून 'जरा बँकेत जाऊन येतो' हे चालणार नाही.

४. घरपोच मागवत असाल तर घरी कुणी असतानाच मागवा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांच्या टेबलावर तीन तास पडलेलं पाकीट आणि उन्हात ठेवलेलं पाकीट यात काही फरक नाही. हातात आल्यावर पाकिटाला हात लावून बघा. कोमट लागलं तर परत करा किंवा शिजवायला घ्या.

तपासा: घरी आल्यावर पहिलं काम पाकीट फ्रीजमध्ये टाकणं. चपला, चहा, फोन नंतर.

## टप्पा ४: फ्रीजमध्ये कुठे आणि कसं

थर्मामीटरने जी जागा ५ अंशांखाली दाखवली ती. वरच्या बाजूला फ्रीझर असलेल्या एकदारी फ्रीजमध्ये फ्रीझरखालचा कप्पा बहुधा जास्त थंड असतो आणि तळाचा भाजीचा खण कमी. अख्ख्या भाजीला तो खण ठीक, पण चिरलेल्या सॅलडला नाही. पाकीट मागच्या थंड भिंतीला चिकटू देऊ नका, पानं गोठून काळी पडतात.

कच्चं मांस, मासे, अंडी सॅलडच्या खाली ठेवा. वर ठेवलेल्या मासळीचं पाणी ठिबकलं की पुढचं सगळं व्यर्थ.

पाकीट बंद असेपर्यंतच तारखेला अर्थ आहे. फोडलं की ती तारीख विसरा आणि पाकिटावर 'उघडल्यावर इतक्या तासांत' असं जे लिहिलंय ते पाळा. काही लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या दिवसाच्या आत संपवा. फोडल्याची तारीख मार्करने वर लिहून ठेवा, लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

या घाईचं कारण लिस्टेरिया. आजारी पाडणारे बाकीचे बहुतेक जिवाणू ५ अंशांखाली जवळजवळ थांबतात, हा मात्र फ्रीजमध्येही हळूहळू वाढत राहतो. म्हणजे लिस्टेरियाविरुद्ध थंडीबरोबर दिवसांची मर्यादाही लागते.

वीज गेली तर: दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ भारनियमन झालं तर सॅलड, मोड आणि चिरलेल्या भाज्या टाकून द्या. किती वेळ गेली होती हे माहीतच नसेल, म्हणजे गावाहून परत आलात आणि घड्याळं लुकलुकताना दिसली, तर सगळं 'जास्त वेळ' या खात्यात धरा आणि टाकून द्या.

## टप्पा ५: पाकीट उघडणं आणि धुवायचं की नाही हा वाद

क्रम असा ठेवा.

१. ओटा आणि सिंक आधी मोकळं करा. सिंकमध्ये सकाळची खरकटी भांडी, त्यावर चिकन धुतलेलं पाणी, आणि त्यात सॅलडची चाळणी: घराघरात दिसणारं हे दृश्य सॅलडमधल्या मूळ जिवाणूंपेक्षा धोक्याचं आहे.

२. साबणाने २० सेकंद हात धुवा आणि स्वच्छ कोरड्या पंचाने पुसा. ओटा पुसायच्या फडक्याने नको. ते फडकं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात घाणेरड्या वस्तूंपैकी एक असतं.

३. कच्च्या भाजीसाठी वेगळी सुरी आणि वेगळा चॉपिंग बोर्ड. एकच असेल तर आधी सॅलड, शेवटी मांस-मासे. विळी वापरत असाल तर पातं आणि त्याच्या बिजागरीची खाच नीट घासून घ्या, तिथे रस सुकून बसतो.

४. आता धुण्याचा निर्णय. पाकिटावर धुतलेलं आणि थेट खाण्याजोगं असं स्पष्ट लिहिलं असेल तर पुन्हा धुऊ नका. कारखान्यातल्या क्लोरीनच्या पाण्याने जे निघालं नाही ते नळाच्या पाण्याने निघणार नाही. उलट सिंक, चाळणी आणि हात यांवरचे नवे जिवाणू पानांना लागतील. २००६ मध्ये अमेरिकेत पाकिटातल्या कोवळ्या पालकातून ई. कोलाय ओ१५७ ची मोठी साथ आली, सुमारे दोनशे लोक आजारी पडले, तीन जण गेले. तो पालक धुतलेलाच होता.

५. पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल, तर भाजी धुवा, पण कच्चं खाण्यासाठी नव्हे, शिजवण्यासाठी. माती, कीटक, औषधांचा काही अंश जातो. जिवाणूंचा बंदोबस्त गॅसवर होईल.

मीठ, हळद, व्हिनेगर, बेकिंग सोडा: मिठाच्या पाण्यात फ्लॉवर बुडवला की अळ्या वर येतात, हे खरं. पण त्याने साल्मोनेला मरत नाही. हळदीच्या पाण्याचंही तेच. घरगुती व्हिनेगरच्या पाण्याने जिवाणू थोडे कमी होऊ शकतात, पण तेवढ्याच्या भरवशावर कच्चं खाणं नको. आणि साबण किंवा भांडी घासायचं लिक्विड भाजीला कधीही लावू नका. चिरलेल्या कडा ते शोषून घेतात.

अख्खी भाजी घरी आणून सॅलड करत असाल तर क्रम उलटवू नका: आधी धुणं, मग चिरणं. काकडी, टोमॅटो, गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, स्वच्छ कापडाने कोरडं करा, मग सुरी लावा. न धुतलेल्या कलिंगडावरून सुरी फिरली की सालीवरची माती थेट गरात जाते. आधी चिरून मग भांड्यात भिजत घालणं ही सगळ्यात रुळलेली आणि सगळ्यात चुकीची पद्धत आहे.

## टप्पा ६: मोड. इथे घाई नको

आपल्याकडे कच्चे मोड म्हणजे आरोग्य, असं समीकरण झालंय. सकाळी वाटीभर कच्ची मटकी, वर कांदा, टोमॅटो, लिंबू. पोषण असतं त्यात, वाद नाही. पण मोड येण्यासाठी जे लागतं ते सगळं जिवाणूंनाही लागतं: ओलावा, ऊब आणि एक-दोन दिवसांचा वेळ. दाण्याच्या बारीक भेगेत चारदोन जिवाणू असतील तर मोड येईपर्यंत त्यांची संख्या लाखोंत जाते, आणि ते नुसते वर बसलेले नसतात, कोंबाच्या आतही असतात. धुऊन निघणार कुठून?

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४:एच४ या प्रकाराची साथ आली. जवळजवळ चार हजार लोक आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू, शेकडो लोकांची मूत्रपिंडं निकामी. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला. शेवटी माग लागला तो मोडांपर्यंत, आणि ते मोड होते मेथीच्या दाण्यांचे. आपल्या डब्यात रोज असणारी तीच मेथी. दाणे इजिप्तहून आलेले होते.

तेव्हा पाकिटातले मोड शिजवायचे. पद्धत:

१. पाकीट उघडून एकदा बघा. चिकट तार सुटत असेल, कोंब तपकिरी असतील, आंबूस वास असेल तर टाका. शिजवून वाचवायचा प्रयत्न नको.

२. स्वच्छ पाण्याने एकदा विसळा, म्हणजे सुटी सालं आणि चिकटपणा जाईल.

३. पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या. मोड टाका. पाण्याला पुन्हा उकळी फुटेपर्यंत थांबा आणि त्यानंतर तीन-चार मिनिटं मोजा. मोजणी मोड टाकल्यापासून नाही, दुसऱ्या उकळीपासून.

४. निथळून घ्या. एक दाणा फोडून बघा, आतपर्यंत चटका बसेल इतका गरम हवा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर ढिगाच्या मधोमध ७५ अंश.

५. आता कांदा, लिंबू, मीठ घाला आणि खा. एवढ्याने मूग-मटकीचा लगदा होत नाही, दाताखाली कचकच राहतेच.

उसळ, मिसळ, आमटी करणार असाल तर हा प्रश्नच मिटतो, नेहमीच्या शिजवण्यात सगळं होतं. फक्त फोडणीवर दोन मिनिटं परतून 'अर्धकच्ची' ठेवायची चाल असेल तर झाकण ठेवून वाफ येऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर दोन चमचे पाणी घालून झाकून ठेवा आणि मध्येच एकदा ढवळा, कारण त्यात मधले दाणे गार राहतात.

'घरी आणलेले मोड तर सुरक्षित ना?' हा प्रश्न हमखास येतो. नाहीत. जिवाणू बहुतेक वेळा मूळ दाण्यावरच असतात. घरचं फडकं आणि घरचं पाणी त्यांना काढत नाही. घरच्या मोडांचा फायदा एवढाच की ते किती तास बाहेर होते हे तुम्हाला माहीत असतं. मोड पुरेसे आले की फ्रीजमध्ये टाका, दर वेळी फडकं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा, आणि खाताना शिजवा.

## टप्पा ७: वाढणं, डबा आणि उरलेलं

सॅलड शेवटी वाढा. पानं घ्यायच्या पाच मिनिटं आधी फ्रीजमधून काढा, लागेल तेवढंच वाडग्यात घ्या, उरलेलं पाकीट लगेच आत. वाडग्यात उरलेलं परत पाकिटात ओतू नका.

डब्यातलं सॅलड हा अवघड प्रकार आहे. सकाळी सातला चिरलेली काकडी, लोकलची गर्दी, दुपारी एकला जेवण: सहा तास झाले. अख्खी धुतलेली काकडी किंवा गाजर न्या आणि तिथे चिरा, किंवा गोठवलेल्या जेलपॅकसह बंद पिशवीत डबा न्या, किंवा ऑफिसला पोचल्यावर डबा फ्रीजमध्ये ठेवा. दह्यातली कोशिंबीर दह्याच्या आंबटपणामुळे टिकते असं म्हणतात. आंबटपणामुळे वाढ थोडी रोखली जाते, पण नुकतं लागलेलं गोड दही असेल तर तेवढाही आधार नाही.

वाढदिवस, पूजा, सोसायटीचं जेवण: चिरलेलं सॅलड बर्फाच्या परातीवर ठेवा आणि थोडं थोडं बाहेर काढा. दोन तासांनी उरलेलं टाका. लग्नाच्या बुफेत तासन्‌तास मांडलेली काकडी-बीटची नक्षी बघून डोळे निवतात, तेवढंच करावं.

## पाकिटातलं कच्चं कुणी खाऊच नये

गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढची माणसं, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, स्टेरॉइडवर असलेले. यांच्यासाठी मोड पूर्ण शिजलेले, फ्रोझन भाजी शिजलेली, आणि पाकिटातल्या सॅलडऐवजी घरी नुकतीच धुऊन, सोलून चिरलेली काकडी किंवा गाजर.

गर्भवतीच्या बाबतीत जास्त सांगायला हवं. लिस्टेरियाची लागण होण्याचा धोका इतरांच्या मानाने गर्भवतीला अंदाजे दहापट असतो. तिला स्वतःला साधा ताप, अंगदुखी, फ्लूसारखं वाटेल, पण गर्भपात किंवा मृत बाळ जन्माला येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. डोहाळे पुरवा, पण थंड सॅलड बारचे नकोत. सासूबाईंनी प्रेमाने पुढे केलेली कच्च्या मोडांची वाटीही गॅसवरून फिरून येऊ द्या.

## इतकं करूनही त्रास झाला तर

उलटी-जुलाब झाले की आपण आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतो. साल्मोनेला ६ तासांपासून काही दिवसांपर्यंत केव्हाही डोकं वर काढतो. विषारी ई. कोलायला बहुधा तीन-चार दिवस लागतात. लिस्टेरियाचा गंभीर आजार तर काही आठवड्यांनीही दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांना कालचंच नव्हे, गेल्या महिन्याभरात कच्चं काय खाल्लं तेही सांगा.

ओआरएस घोट घोट सुरू करा. जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि घरात उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. विषारी ई. कोलायच्या आजारात दोन्हींमुळे मूत्रपिंडावरचा धोका वाढू शकतो.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे: शौचातून रक्त, १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीही पोटात न टिकणं, तीन दिवसांहून जास्त जुलाब, मान आखडणं किंवा गोंधळल्यासारखं होणं. गर्भवतीला नुसता ताप आला तरी पुरे. लहान मुलाचे जुलाब थांबत आले असताना ते फिकं पडलं, सुस्तावलं, चेहरा सुजला किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, रुग्णालयात न्या. मूत्रपिंडाचा त्रास अनेकदा जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभराने, 'आता बरं वाटतंय' असं म्हणेपर्यंत सुरू होतो.

पाकीट टाकू नका. ब्रँड, बॅच क्रमांक, तारीख आणि परवाना क्रमांक दिसतील असे फोटो काढा, बिल जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर करता येते. उरलेली भाजी पाकिटासकट दुसऱ्या पिशवीत बांधून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि वर ठळक अक्षरांत 'खाऊ नये' असं लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी उरलंय म्हणून संपवून टाकेल.